‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिण्याआधी रक्त एकदा पातळ करून पाहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला लैंगिक आजारांवरचा लेख वाचला. सिफिलिसबद्दल त्यात जे लिहिलं आहे ते बरोबरच आहे. आधी एक न दुखणारी जखम होते, ती आपोआप भरते, काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तेही जातं, आणि मग वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. आपल्याकडे ज्याला दबक्या आवाजात ‘गरमी’ म्हणतात त्या आजारावर मराठी वृत्तपत्राने अर्धं पान दिलं, याचं मला मनापासून समाधान वाटलं. पण ज्या माणसाच्या अंगात एचआयव्हीसुद्धा आहे, त्याच्यात हा आजार कधीकधी हा क्रम पाळत नाही, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. ती ओळ किती महत्त्वाची आहे हे मी फार जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ होते. शेवटची अठरा वर्षं महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी काढली. सिफिलिससाठी व्हीडीआरएल नावाची रक्ततपासणी असते. गरोदर बायकांची, रक्तदात्यांची, ट्रकवाल्यांची अशी ती किती वेळा लावली असेन त्याचा हिशेब नाही. त्यातली एक स्लाइड मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

साल २०११, पावसाळा. चाळिशीच्या आतला एक माणूस चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. त्याची ओळख पटू नये म्हणून त्याचा धंदा, गाव सांगत नाही. दोन महिन्यांपासून अंगावर काहीतरी उठलं होतं. पहिल्यांदा ‘पित्त उठलंय’ म्हणून औषध झालं, मग गजकर्णाचं मलम झालं, मग कुणीतरी उष्णता म्हणून सब्जाचं पाणी प्यायला सांगितलं. रक्त घ्यायला त्याने बाही वर केली तेव्हा मी थबकले. दंडावर, पाठीकडे जाड खपल्या होत्या. एकीवर एक थर चढलेल्या, खाडीतल्या कालवाच्या शिंपलीसारख्या. एक खपली कडेने सुटली होती आणि खाली ओली, खोलगट जखम होती. तळहातांवर तांबूस-तपकिरी ठिपके. अंगात ताप. तो म्हणाला, “ताई, ही नागीण तर नाही ना? वेढा घातला की माणूस जातो म्हणतात.” मी म्हटलं, रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर सांगतील.

ही तपासणी आम्ही कशी करायचो ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रक्तातलं सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी) वेगळं काढून ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं. मग काचेच्या स्लाइडवरच्या गोलात ५० मायक्रोलिटर सीरम घ्यायचं. त्यावर अँटिजेनचा (सिफिलिस झालेल्याच्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, ज्याला चिकटतात त्या पदार्थाचा) एक अगदी बारीक थेंब, खास त्यासाठीच्या सुईने. हे अँटिजेन आमच्याकडे कोलकात्याच्या सरकारी संस्थेतून यायचं. त्याचं मिश्रण ज्या दिवशी बनवायचं त्याच दिवशी वापरायचं. मग स्लाइड रोटेटरवर ठेवायची, मिनिटाला १८० फेरे, चार मिनिटं. आणि उतरवल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. सिफिलिस नसेल तर अँटिजेनचे कण पाण्यात विखुरलेल्या बारीक काड्यांसारखे सुटे सुटे दिसतात. असेल तर त्यांचे गठ्ठे होतात. नवख्या मुलीलाही कळावेत इतके ठळक.

त्याच्या स्लाइडवर गठ्ठे नव्हते. पण काड्या नेहमीसारख्या स्वच्छ सुट्याही नव्हत्या. सगळं चित्र जरा खरखरीत होतं, दुधात रवा भुरभुरावा तसं. मी दोनदा पाहिलं. त्या दिवशी गरोदर मातांची ओपीडी होती, टेबलावर चाळीसच्या आसपास नळ्या होत्या, रोटेटर एकच. मी ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे आजार आढळला नाही असं) लिहिलं आणि पुढची स्लाइड घेतली. तो दोन वर्षांपासून एचआयव्हीची औषधं घेतो, हे चिठ्ठीवर नव्हतं. त्यामुळे मला ते माहीत नव्हतं. पण ती खरखर मला दिसली होती. तशी खरखर दिसली की सीरम पातळ करून पुन्हा लावायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. मी ते केलं नाही.

रिपोर्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आल्यामुळे सिफिलिसचा विचार तिथेच थांबला. पाच आठवड्यांनी त्याचा डावा डोळा लाल झाला. ‘डोळे आलेत’ म्हणून एका खासगी दवाखान्यातून थेंब मिळाले. ते पंधरा दिवस टाकूनही डोळ्यासमोर जाळं धरलं, कानात सतत कुंई कुंई आवाज येऊ लागला. तो एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, गोळ्या न्यायला गेला तेव्हा तिथे त्वचारोगतज्ज्ञ सर आलेले होते. त्यांनी त्याचे तळहात पाहिले, खपल्या पाहिल्या, डोळ्याकडे पाहिलं आणि मला फोन केला. एवढंच म्हणाले, “नवा नमुना पाठवतोय. पातळ करत करत लावा. जिथे थांबेल तिथपर्यंत.”

मी लावलं. पातळ न केलेलं सीरम तसंच, खरखरीत. सलाइन घालून निम्मं केलं, तिथे जेमतेम बारीक गोळे. १:४ ला गठ्ठे. १:८ ला मोठे, स्वच्छ, कुणालाही दिसतील असे. १:१६, १:३२, १:६४, सगळीकडे तेच. १:२५६ ला जाऊन थांबलं. मग मी फ्रीजरमध्ये राखून ठेवलेला त्याचा पहिला नमुना काढला आणि तोही तसाच लावला. १:१२८. आजार पहिल्या दिवसापासून नळीत होता.

याला प्रोझोन म्हणतात. प्रतिपिंडाला कण धरायला निदान दोन हात असतात असं समजा. एका हाताने एक कण, दुसऱ्याने दुसरा कण धरला की साखळी होते, गठ्ठा होतो. पण प्रतिपिंडच बेसुमार असले तर प्रत्येक कणाला चारही बाजूंनी तेच चिकटून बसतात. दुसऱ्याला धरायला जागाच राहत नाही आणि गठ्ठा होत नाही. म्हणजे आजार जोरात असतो म्हणूनच तपासणी ‘काही नाही’ सांगते. गरोदरपणात आणि सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात हे घडू शकतं, आणि एचआयव्ही असलेल्यांत त्याची शक्यता अधिक. एचआयव्हीत शरीराची एक बचावफळी खचते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच वेळी प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी बेताल होऊन नको तितके प्रतिपिंड ओतत राहतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

सर सिफिलिसला ‘बहुरूपी’ म्हणत. दारात आलेला बहुरूपी कधी पोलीस होतो, कधी वाघ, तसा हा आजार कधी नायट्यासारखा दिसतो, कधी केस झडल्यासारखा, कधी नुसता डोळ्याचा आजार वाटतो. त्यात एचआयव्हीची सोबत मिळाली की सोंगं वाढतात. एकाऐवजी चार-पाच जखमा येतात. पहिली जखम भरलेली नसतानाच अंगभर पुरळ येतं. क्वचित त्या माणसासारख्या जाड खपल्यांच्या खोल जखमा होतात, ताप येतो आणि माणूस खंगतो. आणि एरवी ज्याला वर्षं लागतील असं लोक समजतात, ते डोळ्याचं, कानाचं, मेंदूच्या आवरणाचं दुखणं काही महिन्यांतच उभं राहतं. १९८७ सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. म्हणजे ही माहिती नवी नाही. ती आमच्या तालुक्यातल्या चिठ्ठीपर्यंत पोहोचलेली नव्हती. घबराट पसरू नये म्हणून हेही सांगते, की एचआयव्ही असलेल्या बहुतेकांत सिफिलिस इतरांसारखाच वागतो आणि साध्या तपासणीत सापडतो. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते थोडे आहेत. पण त्या थोड्यांचाच डोळा जातो.

त्याला मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. चौदा दिवस दर चार तासांनी शिरेतून पेनिसिलिन दिलं, कारण डोळ्यापर्यंत गेलेल्या सिफिलिसला कमरेतलं एक इंजेक्शन पुरत नाही. पहिल्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा औषध सोसलं नाही असं वाटून तो निघून जायला निघाला होता. मेलेल्या जंतूंमुळे पहिल्या दिवशी असा ताप येऊ शकतो आणि तो उतरतो, हे तिथल्या सिस्टरने त्याला बसून समजावलं म्हणून तो राहिला. खपल्या तीन आठवड्यांत गळून पडल्या. कानातला आवाज थांबला. डाव्या डोळ्यापुढचं धुकं पूर्ण गेलं नाही. पुढे तो तपासणीला यायचा तेव्हा माझ्याकडे बघताना मान थोडी वळवून उजवा डोळा पुढे करायचा. त्याच्या बायकोची व्हीडीआरएल तोवर कुणी केलीच नव्हती. तिला काही त्रास नव्हता, पण ती १:१६ निघाली. आजार किती जुना हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिला आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली.

आता माझा मुद्दा. मला त्या वेळी कुणी सुचवलं, की चिठ्ठीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारला असता तर हे टळलं असतं. मला हे अजिबात मान्य नाही. एका बाईच्या केसपेपरवर लाल शाईने तसं लिहिलेलं पाहून शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी आपली खाट ओढत दुसऱ्या भिंतीला नेली होती. ती बाई त्यानंतर पुन्हा आली नाही. आता २०१७ चा कायदा आहे, माणसाची एचआयव्हीची माहिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही आणि ते योग्यच आहे. लहान गावात चिठ्ठी शिपायाच्या हातून जाते, खिडकीवर पडून राहते, चार जण वाचतात. पण प्रयोगशाळेला रुग्णाला एचआयव्ही आहे का हे कळायची गरजच नाही. डॉक्टरांनी ‘व्हीडीआरएल’च्या पुढे ‘टायटरसह’ (टायटर म्हणजे सीरम पातळ करत गेल्यावर गठ्ठे कुठपर्यंत दिसतात तो आकडा) एवढं लिहावं. त्याचा अर्थ तंत्रज्ञाला बरोबर कळतो, बाकी कुणाला कळत नाही. आणि तंत्रज्ञांनीही वाट पाहू नये. त्वचा विभागातून, एआरटी सेंटरकडून आणि गरोदर मातांच्या ओपीडीतून आलेला प्रत्येक नमुना निदान १:१६ पर्यंत पातळ करून पाहावा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही. थोडं सलाइन लागतं आणि स्लाइडवरचे आणखी चार गोल. सरांच्या त्या फोननंतर निवृत्त होईपर्यंत मी हे करत होते. वेळ जायचा. जाऊ द्यायचा.

हल्ली पट्टीवरची झटपट तपासणी आली आहे. बोटाचं रक्त घेऊन एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतं. उपकेंद्रापर्यंत गरोदर बाईसाठी ती फार उपयोगी आहे, कारण आईला वेळेत एक इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं. पण ज्याला एकदा सिफिलिस होऊन गेला, त्याची ही पट्टी सहसा जन्मभर पॉझिटिव्हच येते. एआरटीवरच्या माणसाला दुसऱ्यांदा लागण झाली का, हे ती सांगू शकत नाही. तिथे टायटरच लागतो, तोही शक्यतो त्याच प्रयोगशाळेतला, म्हणजे आकड्याशी आकडा जुळवता येतो. उलट बाजूही आहे. मलेरिया, कुष्ठरोग, गरोदरपण, एवढंच काय खुद्द एचआयव्हीमुळेसुद्धा व्हीडीआरएल कधीकधी कमी टायटरची, पण खोटीच रिअ‍ॅक्टिव्ह येते. तेव्हा टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी, पक्की तपासणी करून खात्री केल्याशिवाय नवरा-बायकोत भांडण लावणारा रिपोर्ट कुणाच्या हातात देऊ नये.

औषधाबद्दल. सिफिलिसच्या जंतूने पेनिसिलिनला दाद न देण्याचं आजवर कुठे आढळलेलं नाही. इतक्या वर्षांत किती औषधं निकामी झाली, हे टिकलं. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. असं असताना आज कितीतरी दवाखान्यांत ‘रिअ‍ॅक्शनची भीती’ म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन ठेवतच नाहीत आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देऊन पाठवतात, ज्यांना दाद न देणारे जंतू जगात अनेक ठिकाणी पसरले आहेत. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आधी विचारपूस हवी, रिअ‍ॅक्शनचं औषध हाताशी हवं. ते इंजेक्शन द्यायलाही जिकिरीचं असतं. दाट, दुधासारखं, जरा वेळ लावला की सुईत अडकतं. २४ लाख युनिट दोन्ही कमरांत निम्मं निम्मं द्यावं लागतं आणि माणूस दोन दिवस नीट बसत नाही. तरीही ते द्यायला हवं. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ते मोफत मिळतं, हे वाचकांना ठाऊक असावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १५ ते ४९ वयोगटात सुमारे ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला. आधीपेक्षा आकडा वाढला आहे. एचआयव्हीवर आता चांगली औषधं आहेत, माणसं नोकरी करतात, लग्नं करतात, म्हातारी होतात, याचा मला फार आनंद आहे. मी सुरुवातीचे दिवस पाहिले आहेत. म्हणूनच वाटतं, इतकी वर्षं जपलेल्या माणसाची दृष्टी अशा आजाराने जाऊ नये ज्यावरचं औषध माझ्या जन्माआधीपासून आहे. एआरटी सेंटरला वजन, गोळ्या, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सगळं पाहतात. त्यातच ‘डोळ्यापुढे काही तरंगतं का, कानात आवाज येतो का, तळहातांवर न खाजणारे डाग आले का’ हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. वर्षातून निदान एकदा व्हीडीआरएल व्हावी. आणि उलटही व्हावं, सिफिलिस निघालेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीच्या तपासणीसाठी नेऊन सोडावं, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये. सिफिलिसच्या जखमांमधून एचआयव्ही सहज शिरतो, त्यामुळे दोन आजार एकाच घरात सापडणं नवलाचं नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यासारख्या सगळ्याच वृत्तपत्रांना आहे. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती छोट्या जाहिरातींच्या पानावर अजूनही दिसतात. अशा आजारांच्या इलाजाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद केलेली आहे. त्या माणसाचे दोन महिने मलमात आणि सब्जात गेले. कित्येकांचे या जाहिरातींच्या मागे जातात, आणि ती माणसं आमच्या खिडकीपर्यंत येतात तेव्हा खिशात आणि डोळ्यात फारसं काही उरलेलं नसतं.

शेवटी त्याच्याबद्दल एवढंच, की दोन वर्षं तो न चुकता तपासणीला आला. १:२५६, मग १:६४, मग १:१६, मग १:४. पुढे १:४ वरच राहिला, खाली आला नाही. पुरेसे उपचार होऊनही काहींचा आकडा असा खालच्या पातळीवर टिकून राहतो, एचआयव्ही असलेल्यांत तो उतरायलाही वेळ घेतो. त्यासाठी दर वेळी नवं इंजेक्शन देत नाहीत, लक्ष ठेवतात, आणि तो पुन्हा चौपट वर गेला तर मात्र लगेच पाहतात. पहिल्या रिपोर्टबद्दल मी त्याला सांगितलं होतं, माझ्या हातून राहिलं म्हणून. तो ऐकून घेऊन काही वेळ गप्प बसला, मग दंड पुढे केला आणि म्हणाला, “घ्या ताई, रक्त घ्या. या वेळी नीट बघा.”

पत्र छापल्यास माझं नाव आणि गाव कृपया छापू नये. गाव लहान आहे, माझ्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचायला कुणाला वेळ लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ